दोन ॲम्प्लिफायर, एक हिवाळा

आमच्या घरात दर वर्षी होळी झाली की एक काळा, जड डबा जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला जायचा आणि दिवाळीनंतर उघडला जायचा. तो माझ्या नवऱ्याने लग्नाआधी स्वतःच्या हाताने जोडलेला ॲम्प्लिफायर होता. क्लास ए जातीचा. साधा ॲम्प्लिफायर गाणं चढलं की जास्त वीज ओढतो, पण हा गाणं वाजो न वाजो, बटण दाबल्यापासून पूर्ण विजेवर चालतो, असं ते मला समजावून सांगायचे. त्यातले ट्रान्झिस्टर क्षणभरही बंद होत नाहीत, म्हणून आवाज कुठे खरवडत नाही. मला त्यातलं एवढंच कळायचं की तो तापतो. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या होत्या, त्यांच्यावर तळहात टेकवून दहा आकडे मोजणं कठीण. आमच्याकडे मे महिन्यात कूलर लावूनही भिंतींना हात लाववत नाही, तिथे हा निखारा खोलीत कोण ठेवणार? नियम माझा होता. त्यांनी तो कधी मोडला नाही.

थंडीत मात्र मी त्याचा उपयोग करून घ्यायची. पोरीचे ओले मोजे त्याच्या शेजारी वाळवायची, विरजण लावलेलं पातेलं जवळ सरकवून ठेवायची. ते फक्त म्हणायचे, "वरून झाकू नको काही, हवा लागते त्याले." रविवारी सकाळी ते रेकॉर्ड लावून समोर बसायचे. सुरुवातीला मला हाक मारायचे, "ये वं, बस जराशी." मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "इथून येते नं ऐकू." खरंच यायचं. पुढे त्यांनी हाक मारणं सोडलं. ते नेमकं कधी, हे मला आठवत नाही.

हिंगण्याकडच्या एका कारखान्यात ते कंप्रेसरच्या खोलीत, दिवसभर गडगडाटात, कामाला होते. तीस-बत्तीस वर्षं. कानात कापूस घालायचे, कधी तोही नाही. निवृत्त व्हायच्या आधीच फोनवरचं बोलणं त्यांना दोनदा विचारावं लागायचं. पोरगी बोलली की म्हणायचे, ही तोंडातल्या तोंडात बोलते. मी बोलली की म्हणायचे, तू स्वयंपाकघरातून बोलत जाऊ नको. आम्ही दोघींनी ते हसण्यावारी नेलं.

निवृत्तीनंतर त्यांनी एक नवा ॲम्प्लिफायर मागवला. तोही क्लास ए, पण आताच्या पद्धतीचा, तयार, चंदेरी रंगाचा. जुन्यापेक्षा लहान, आणि तापायचा तोही, पण हात ठेवता येईल इतपत. घरात एक छान चालत असताना दुसरा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पाहायचं आहे, मी तेव्हा बनवला तो किती बरोबर होता."

त्या हिवाळ्यात त्यांनी दोन्ही शेजारी मांडले. मधे एक लहानशी पेटी बनवली, तिला एक खटका. खटका डावीकडे केला की जुना वाजणार, उजवीकडे केला की नवा. स्पीकर तेच. मीटर लावून दोघांचा आवाज अगदी सारखा करून घेतला, कारण जो जरा मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो, असं त्यांचं म्हणणं. मग पाच दिवस ते एकटेच खटका इकडेतिकडे करत बसले. सहाव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"काम आहे का तुले?"

"काहून?"

"बस थोडी. तू सांग कोणता कसा वाटते."

मी हात पुसून गेली. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितले. एका बाईंच्या ख्यालाची जुनी रेकॉर्ड होती. थोडं वाजलं, खटक्याचा आवाज आला, पुन्हा वाजलं. असं तीनदा. मी सांगितलं, पहिला गोड वाटला, दुसरा जरा कोरडा, तिसरा पुन्हा गोड, तो जुना असेल, जुनाच चांगला आहे. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

त्यांनी रेकॉर्ड थांबवली. मग म्हणाले, "तिन्ही वेळा जुनाच होता वं. मी खटका हलवून परत जागेवर आणत होतो."

मला लाज वाटली. लाजेपेक्षा राग जास्त आला. "मग काहून विचारता मले? तुमचं तुम्ही ठरवा."

"मले ठरवता येत नाही." ते खटक्याकडे बघत होते. "मले दोन्ही सारखेच ऐकू येऊन राहिले. पाच दिवस झाले. दोन्हीत काही फरक नसन असं नाही. मलेच येत नाही ऐकू."

मग कळलं की दिवाळीआधी ते एकटेच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. जाड आवाज राहतील, बारीक आवाज गेले आहेत आणि ते परत येणार नाहीत, असं डॉक्टरने सांगितलं होतं. कानात घालायचं मशीन दिलं होतं, ते कपाटात होतं. माणसांचं बोलणं त्यातून कळतं, पण गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं, म्हणाले. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, "तू काय करणार होती?"

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी बसायला लागली. कुकर उतरवला की गॅस बंद करायचा आणि जाऊन बसायचं. त्यांनी मला ऐकायला शिकवलं. "चांगलं-वाईट सांगू नको. काय आहे ते सांग. आवाज कुठून येते ते पाह्य. सूर थांबल्यावर मागे काय उरते ते ऐक." पहिले काही दिवस मला काहीच कळलं नाही, आणि मी तसंच सांगितलं. त्यांनी एका वहीत तसंच लिहिलं. मग हळूहळू कळायला लागलं. जुन्यात बाई जवळ बसलेली वाटायची, आवाज जाडसर, ऊबदार, आणि सगळ्याच्या खाली एक बारीकशी घरघर. नव्यात ती घरघर नव्हती. सूर थांबला की खरंच सगळं थांबायचं. तंबोऱ्याच्या तारा एकेक वेगळ्या मोजता यायच्या. पण बाई दोन हात मागे सरकून बसल्यासारखी वाटायची.

"घरघर ट्रान्सफॉर्मरची आहे," ते म्हणाले. "मले कधी काढता आली नाही ती. पण तेवढी मात्र मले अजून ऐकू येते."

एक दिवस मी म्हणाली, "नव्यात बाई तान घ्यायच्या आधी श्वास घेते, तो ऐकू येते."

त्यांनी मान वर केली. "कुठं?"

मी बोट वर करून दाखवलं, इथे, आणि इथे. ते स्पीकरच्या इतके जवळ गेले की कान जवळजवळ जाळीला लागला. मी पुन्हा बोट वर केलं. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा लावली रेकॉर्ड. नाही. मग परत येऊन बसले आणि म्हणाले, "जुन्यातही आहे तो. मी ऐकला आहे. पोरगी लहान होती तेव्हा. आता पाह्य बरं जुन्यात."

जुन्यात मला आधी काही मिळालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्या घरघरीच्या मागे तो सापडला, अगदी पुसट, पण होता. ह्या वेळी मी त्यांना खूश करायला सांगत नव्हती.

"आहे," मी म्हणाली.

"आहे नं?" ते म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं. मला त्या वेळी जे वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचे कान चांगले होते तेव्हा मी पलीकडे पोळ्या लाटत होती. माझे कान उघडले तेव्हा त्यांचे गेले. तीस वर्षं एका घरात राहून तो एक श्वास आम्ही दोघांनी एकाच वेळी कधी ऐकला नाही.

शेवटी त्यांनी सरळ विचारलं, कोणता बरा? मी म्हणाली, नवा. ते म्हणाले, बरोबर आहे, असायलाच पाहिजे, इतक्या वर्षांनी बनला आहे. वही मिटून त्यांनी कपाटात ठेवली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही पुन्हा सुरू केले आणि मी पुन्हा बसली.

फेब्रुवारीत एका सकाळी अंघोळीहून येऊन ते पलंगावर बसले, छातीत जड वाटते म्हणाले, आणि शेजारच्यांची गाडी दारात येईपर्यंत गेले. त्या वर्षी चादर मी एकटीने गुंडाळली.

पुढच्या थंडीत मी जुना सुरू केला तर डाव्या बाजूचा स्पीकर मुका. त्यांचे एक मित्र कन्हानला राहतात, आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. त्यांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी आले, डबा उघडून बसले. आतले वीज साठवणारे कपॅसिटर सुकले होते. नवे घातले, तारांची जागा बदलली, दिवसभर मान वर केली नाही. संध्याकाळी लावून दाखवला. "ऐका वैनी. घरघर पूर्ण गेली. त्याले आयुष्यभर जमलं नव्हतं." त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी म्हणाली, चांगला झाला भाऊजी. चहा केला. ते गेल्यावर मी स्पीकरजवळ जाऊन बराच वेळ ऐकत राहिली. खरंच काही नव्हतं. माझ्या नवऱ्याला शेवटपर्यंत जे ऐकू येत होतं, नेमकं तेच गेलं होतं, आणि ज्याने काढलं त्याने मित्राचं राहिलेलं काम पूर्ण करून दिलं होतं. दोष कोणाला देणार?

ह्या जानेवारीत कन्हानच्या भाऊजींचाच फोन आला. त्यांनी आणि आणखी दोघांनी मिळून एक नवा क्लास ए बांधला होता, आणि एक जुना कुठूनसा आणला होता. तिघांचं एकमत होत नव्हतं. "वैनी, आमचे तिघांचेही कान म्हातारे झाले. तुमचे पाहिजे."

मी बसने गेली. त्यांच्या पुढच्या खोलीत तीन माणसं माझ्यासाठी खुर्ची मोकळी करून उभी होती. मी डोळे मिटले. एक बासरी होती. मी सांगितलं, पहिल्यात फुंकर ऐकू येते, दुसऱ्यात नुसता सूर येतो, आणि दोन्हींतही डावी बाजू जरा दबलेली आहे. त्यांनी तपासलं, डाव्या स्पीकरची एक तार सैल निघाली. तिघं आपसात बोलायला लागले, मला विसरले. मी चहा पिऊन निघाली.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. डाव्या बाजूचं मी पकडलं, हे घरी जाऊन नवऱ्याला सांगावं असं मनात आलं. कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, तेही ठरवून झालं होतं. मग कंडक्टरने तिकीट मागितलं, आणि मी पर्स उघडून सुटे शोधायला लागली.