पाटीपलीकडची दरी

घाटातल्या पॉइंटवर धुकं इतकं दाट होतं, की रेलिंगपलीकडे दरी आहे यावर नुसता विश्वास ठेवायचा. येणारे दरीच्या नावाच्या पाटीशेजारी उभे राहून फोटो काढत आणि परत फिरत.

"अहो, चला ना! काय दिसतंय इथे?" बायकोने गाडीतून हाक मारली.

मी कॅमेरा लावून उभाच राहिलो. स्वच्छ उन्हात दरी सगळीच्या सगळी दिसते, म्हणून तर कुणी ती नीट बघत नाही. धुकं एका वेळी एकच गोष्ट दाखवतं, पण ती पोटभर दाखवतं.

वारा सुटला. धुकं फाटलं आणि समोरच्या कड्यावरचं एकटं झाड उन्हात उजळून निघालं. मी बटण दाबलं. वळून बघतो तर बायको रेलिंगला टेकलेली.

"निघायचं?" मी विचारलं.

"थांबा हो," ती म्हणाली, "अजून उघडेल."