मास्तरांचा न तुटणारा आकडा

सन २०१७. माझं वय चौसष्ट, शिक्षण तिसरी. महाल नावाच्या वस्तीत संत्र्याच्या पेट्या ठोकायचं माझं दुकान, आणि समोरच्या घरात गणिताचे रिटायर मास्तर. माणूस भेटला की लोक तब्येत विचारतात. मास्तर त्याच्या गाडीचा नंबर पाहायचे. "याले सातानं भाग जाते. गाडी चांगली आहे गा, पण आकडा कोणाचंही ऐकते." कशानंच न तुटणाऱ्या आकड्यांचा त्यांना भारी मान.

एकदा माझ्या फळीवर त्यांनी एक ते नऊ ओळीनं लिहिले आणि पुढे पुन्हा एक. १२३४५६७८९१. एकशे तेवीस कोटींच्या वर गेला.

"कशानंही भाग, नामदेवा. काहीतरी उरतेच."

"मी तोडतो."

"काहून अडून बसतं गा? मोठमोठ्यायनं पाहिलं आहे."

मोठ्यांनी पाहिलं असेल. मी कुठं पाहिलं होतं?

मास्तरांनी एवढंच सांगितलं, "पस्तीस हजार एकशे छत्तीसपर्यंत पाहा. तिथवर नाही तुटला तर पुढंही नाही. सम आकडे सोडून दे." मी एकही सोडला नाही. सोड म्हटलं की मला संशय येतो. रोज दहा भागाकार, पेटीच्या फळीवरच. सातानं चार उरले, सतरानं अकरा. त्या फळ्या संत्र्यांसोबत परगावी जायच्या. एकदा तिकडच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "चाचा, माल अच्छा है, पर एक पेटी का भागाकार गलत है." बायको म्हणायची, "म्हातारपणी लोक जप करते, अन् तुम्ही भागाकार करून राहिले!"

मास्तर पडताळ्याचे पक्के. पोटच्या पोरालाही त्यांनी अर्ध्या मार्कानं नापास केलं होतं. माझे भागाकार सुरू होऊन पाच वर्षं झाली, तेव्हा तोच पोरगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. मास्तर आता भिंत धरून चालत. परत येणं काही होणार नव्हतं. मी एकोणीस हजारांवर पोचलो होतो. ते जायच्या आत आकडा तोडायचाच, म्हणून दुकान बंद ठेवून भागत बसलो.

जायच्या आदल्या दुपारी एकोणीस हजार त्रेचाळीसनं भाग गेला. खाली शून्य! फळी घेऊन रस्ता ओलांडला. गल्ली जमली. मास्तरांनी चष्मा लावला, फळीवरून बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुटला गा. हरलो मी."

मी सतरा घरी पेढे वाटले.

संध्याकाळी त्यांच्याच शिस्तीनं पडताळा करायला बसलो. गुणाकार एक लाख तेवीस हजार शंभरानं जास्त आला. वजाबाकीत मी माती खाल्ली होती, आणि ती नेमकी तिथंच, जिथं मास्तरांचं बोट थांबलं होतं. जन्मात कोणाला अर्धा मार्क न दिलेला माणूस, आपला खरा आकडा खोटा ठरवून मला जिंकवून चालला होता. असली जीत मला पचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी यायच्या आत मी सतराही दारं वाजवली. "पेढा राहू द्या पोटात. पण आकडा तुटला नाही, मास्तर जिंकले." अठरावं दार मास्तरांचं. भागाकार दुरुस्त करून फळी त्यांच्या हातात दिली: उरले दहा हजार दोनशे एक.