निवडुंगांना रोज पाणी

काटेवाल्या काकूंच्या नर्सरीत अंग चोरूनच शिरावं लागतं. दोन्ही बाजूंना लाकडी मांडण्या, त्यांवर चहाच्या कपाएवढ्या कुंड्यांपासून बादलीएवढ्या कुंड्यांपर्यंत नुसते निवडुंग. सैल बाहीचं काही घालून आलात, तर एखादं झाड बाहीला लटकून तुमच्याबरोबर घरी येईल.

पूर्वी त्या फुलवाल्या काकू होत्या. एका उन्हाळ्यात विहिरीवरचा पंप बिघडला, दुरुस्त करणारा आज येतो, उद्या येतो करत राहिला आणि चाळीस दिवसांत सगळी फुलझाडं वाळून गेली. कोपऱ्यात कुणीतरी ठेवून गेलेल्या अकरा निवडुंगांना मात्र काही झालं नव्हतं. उलट त्यातल्या एकाला पिवळंधमक फूल आलं होतं. काकू त्या फुलासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आता आपलं जमलं. तेव्हापासून त्या या काटेरी कुटुंबाच्या झाल्या.

त्यांचे यजमान, म्हणजे काका, बस चालवायचे. एकतीस वर्षं नोकरी, गाडीला एक ओरखडा नाही. निवृत्त झाले आणि घरात बसून त्यांचे हात शिवशिवायला लागले. नळाचे वॉशर बदलून झाले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. नर्सरीत त्यांनी काही करायला घेतलं की काकू म्हणायच्या, राहू द्या, मी बघते.

अशात एका हिवाळ्यात लेकीचं बाळंतपण आलं. लेक दुसऱ्या गावी, काकूंना महिनाभर जाणं भाग. निघताना त्यांनी काकांना बजावलं, की थंडीत ही झाडं झोपतात, त्यांना पाण्याचा थेंब द्यायचा नाही. सकाळी शेडचं दार उघडायचं, संध्याकाळी लावायचं. बाकी काही म्हणजे काही करायचं नाही.

कामसू माणसाला याहून अवघड काम सांगता येणार नाही. तीन दिवस काकांनी कळ काढली. चौथ्या दिवशी त्यांना एक गोलमटोल निवडुंग सुरकुतलेला दिसला. त्यांनी त्याला पेलाभर पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी तो जरा टवटवीत वाटला. मग शेजारच्यानं काय घोडं मारलं होतं? आठवड्याभरात काका रोज सकाळी नळीच घेऊन उभे राहू लागले. फोनवर काकूंना त्यांनी सांगितलं की सगळं उत्तम आहे, झाडं चांगली गुबगुबीत झालीत. काकूंच्या मांडीवर नातू रडत होता. त्यांनी नीट ऐकलंच नाही.

परत आल्यावर हातातली बॅग खाली न ठेवताच त्या शेडमध्ये गेल्या. पहिल्याच निवडुंगाला बुडाशी अंगठ्यानं दाबलं, तर पिकल्या केळ्यात जावा तसा अंगठा आत गेला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. साडेतीनशेपैकी जवळजवळ निम्मी झाडं मुळापासून कुजली होती. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी बियांपासून वाढवलेला, काकांहून उंच झालेला खांब निवडुंग भिंतीला टेकला होता. त्याचा बुंधा काळा पडला होता.

“पाणी दिलंत?”

“रोज,” काका म्हणाले. “तहानलेली दिसत होती गं.”

काकू पुढे मला सांगत होत्या, की जिभेवर आलेलं सगळं बोलल्या असत्या तर संसार मोडला असता. पण त्यांनी काकांकडे पाहिलं. गाडीखाली कुणी आल्यावर ड्रायव्हरचा होईल तसा तो चेहरा होता. त्या एवढंच म्हणाल्या, “पातळ सुरी आणा. आणि स्पिरिटची बाटली.”

कूज खालून वर चढते. म्हणून झाड बुडाकडून चकत्या करत कापत जायचं, गाभ्यातला तपकिरी डाग संपेपर्यंत. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटनं पुसायची. निरोगी शेंडा हाती लागला की तो सावलीत कागदावर वाळत टाकायचा. काका वर्तमानपत्राची घडी करून झाड धरायचे, काकू कापायच्या. खांब निवडुंगाची पाळी आली तेव्हा मात्र काकूंनी सुरी खाली ठेवली. काकांनी ती उचलली आणि कापायला घेतलं. एकेक चकती पडत गेली आणि डाग काही संपेना. शेवटी वीतभर शेंडा स्वच्छ निघाला. काकूंनी तो पदराशी धरला आणि मग त्या रडल्या.

चार दिवसांत एकशे ऐंशी शेंडे कागदांवर रांगेनं पडले. कुजायची लक्षणं दिसत नव्हती अशी काही झाडंही काकूंनी सावधगिरी म्हणून कापली. जखमा सुकल्यावर सगळे शेंडे कोरड्या खडीवर ठेवले आणि सुरू झालं पुन्हा काहीच न करणं. या वेळी काका हात पाठीमागे बांधून फिरायचे. हवा तापू लागली तेव्हा एका सकाळी त्यांनी एक शेंडा हलकेच उचलला आणि काकूंना हाक मारली. खाली पांढऱ्या दोऱ्यासारखी चार मुळं होती. दोघं बराच वेळ ती बघत बसले.

एकशे दहा शेंडे जगले, त्यांत तो खांबाचाही. बाकीचे गेले. पण सावधगिरी म्हणून कापलेल्या झाडांचे जे बुंधे मागे उरले होते, त्यांच्या कापाभोवती पाच-पाच, सहा-सहा पिल्लं फुटली. असं होतं हे काकूंना ठाऊक होतं, पण चांगलं झाड कापायला हात धजत नव्हता. आता नर्सरीत कधी नव्हती एवढी बाळझाडं झाली आणि ती सगळी काकांच्या ताब्यात गेली. गिऱ्हाइकानं पाणी किती द्यायचं विचारलं, की काकू त्यांच्याकडे बोट दाखवतात. काका गंभीरपणे सांगतात, “मी सत्तर झाडं बुडवली आहेत. माझं ऐका.” काकूंच्या शास्त्रापेक्षा लोकांना हेच जास्त पटतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बारक्या निवडुंगांना फुलं येतात. ऐन दुपारी उमलतात, दोन-तीन तासांत मिटतात. त्या वेळी फाटकाला आतून कडी असते. तुम्ही वाजवा, नाहीतर हाका मारा, कुणी उठत नाही. आत दोन स्टुलांवर दोघं बसलेली असतात आणि काका काकूंना विचारत असतात, की हा रंग गुलाबी म्हणायचा की जांभळा.