गिट्टी धुतली होती

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चांगलं नाही, आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंतच झाली, नंतर लिहिलं ते किराण्याच्या चिठ्ठीपुरतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर तू नीट करून वाच. तू कोण, मला माहीत नाही. बाई असशील असं धरून चालते. बाईला सांगायला थोडं सोपं जातं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, भिलाईला असलेल्या मुलीला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हासुद्धा याच्या बाजूने निघून जाते, जसं रस्त्यात कुणी सावकार दिसल्यावर माणूस गल्ली बदलतं तसं. आत्ता दुपार आहे, हे ऑफिसात आहेत. तरी मघाशी फाटकाची कडी वाजली आणि मी कागद उशीखाली सारला. वारा होता नुसता.

कुठून सांगू? तळ्यापासून सांगते.

आमच्या घरामागे मोकळी जागा आहे. हे रेल्वेच्या ऑफिसात कारकून. नोकरी संपत आली तशी यांना मोबाइलवर तळ्यांचे व्हिडिओ पाहायची सवय लागली. मग मागे खड्डा खोदला, जाड प्लास्टिक अंथरलं, पाणी भरलं आणि रंगीत मासे आणून सोडले. नारिंगी, पांढरे, एक काळ्या ठिपक्यांचा. तो ठिपक्यांचा यांच्या बोटाजवळ यायचा. माशांशी हे ज्या आवाजात बोलायचे तो आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. खोटं नाही सांगत.

पण महिन्याभरात पाणी हिरवं झालं. मासे दिसेनात. मग यांनी पुन्हा मोबाइल पाहिला आणि म्हणाले, गिट्टीचा, म्हणजे खडीचा फिल्टर करायचा. तळ्याला लागून दुसरा खड्डा. त्याच्या तळाशी भोकं पाडलेला पाइप, त्यावर गिट्टीचा जाड थर, आणि गिट्टीत झाडं, कर्दळ, अळू, वेखंड. तळ्यातलं पाणी पंपाने त्या पाइपात ढकलायचं. ते गिट्टीतून हळूहळू वर येतं, मुळं त्यातली घाण खातात आणि नितळ पाणी धारेने परत तळ्यात पडतं. गिट्टीत बारीक जीव राहतात म्हणे, डोळ्याला न दिसणारे. वाहत्या पाण्यातल्या हवेवर ते जगतात. पाणी थांबलं की ते मरतात आणि आतल्या आत सडतात.

"पंप चोवीस तास चालला पायजे," हे म्हणाले होते. "हात नाही लावायचा. समजलं ना तुले?"

मी हो म्हटलं होतं. मला समजलं होतं. हे लक्षात ठेव. मला समजलं नव्हतं असं मी पुढे कुठे म्हणाले तर विश्वास ठेवू नको.

कामाला दुलारी यायची. इकडे मजुरी करणाऱ्या बाईला रेजा म्हणतात. दुलारी तशी रेजा. माझ्याच वयाची, बारीक अंगाची, डोक्यावर घमेलं असलं तरी मान सरळ. भनपुरीहून ट्रॅक्टरभर गिट्टी आली, नदीतली गोल, चण्याएवढी, पण मातीने माखलेली. ती सगळी धुवायची होती. थोडी माती राहिली तरी खाली चिखल बसतो आणि फिल्टर तुंबतो.

हे ऑफिसला गेले की मी मागे जाऊन दुलारीजवळ बसायची. ती घमेल्यात पाणी ओतायची, मी हाताने ढवळायची. लाल पाणी, मग गुलाबी, मग साधं. यांना ते आवडलं नसतं, रेजासोबत बसून काम करणं. म्हणून हे यायच्या आधी मी हातपाय धुऊन आत. मी कुणाशी बोलत नाही फारशी. गल्लीतल्या बायका जमल्या की मला घाम फुटतो. पण दुलारीजवळ बोलता यायचं. आम्ही दोघी मोरीच्या पायरीवर चहा प्यायचो. ती माझ्या धुण्यावर हसायची.

"दीदी, अतका धोबे त एला रांधे ला परही," म्हणायची. इतकी धुतलीस तर शिजवावी लागेल.

माझी बोटं सोलून निघाली होती. गिट्टी स्वच्छ होती. मला माहीत आहे, कारण अर्धी मीच धुतली. हेसुद्धा लक्षात ठेव.

फिल्टर चालू झाला आणि आठवड्याभरात पाणी असं झालं की तळाचं प्लास्टिक दिसायला लागलं. हे मला हात धरून मागे घेऊन गेले दाखवायला. हात धरून.

आणि मी? मी धारेकडे पाहतच नव्हते. मी भिंतीवरच्या बटनापासून निघून पाण्यात उतरलेली काळी वायर पाहत होते.

माझी आई कूलरचा शॉक लागून गेली. चालत्या कूलरमध्ये बादलीने पाणी टाकत होती. मी बाजूला उभी होते, दुसरी बादली धरून. त्यानंतर घर माझ्यावर आलं आणि शाळा सुटली. तू म्हणशील, मग बरोबर आहे, बिचारी. तसं म्हणू नको. अजून पुढे आहे.

मी यांना एकदा म्हटलं, "मले त्या वायरचं भेव वाटते." तर यांनी बाही वर करून हात पाण्यात घातला, पंपाजवळ. "पाह्य. मेलो का मी?" आणि हसले. मी पुन्हा बोलले नाही.

त्या दिवसापासून हे निघाले, स्कूटरचा आवाज वळणावर विरला, की मी काठीने बटन बंद करायची. लाकडी काठी, धुणं वाळत घालायची. यायच्या वेळेला पुन्हा चालू. मध्ये दिवसभर पाणी थांबलेलं. रोज. पाण्याची धार बंद झाली की माझा श्वास चालू व्हायचा, दुसरं काय सांगू? एकेका संध्याकाळी धारेला थोडा वास यायचा. हे म्हणायचे, उन्हाळा आहे. मी म्हणायची, हो, उन्हाळा आहे.

एका दुपारी दुलारी आली. तळ्याभोवती फरशी बसवायचं काम तिचंच होतं, आणि गावच्या नाल्यातून माझ्यासाठी वेखंडाची रोपं आणली होती. तिने तळ्याकडे पाहिलं.

"दीदी, मसीन बंद हे?"

"लाईट गेली," मी म्हटलं.

माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. दुलारीने मान वर करून पंख्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग म्हणाली, "हव." म्हणजे हो. आणि रोपं मोरीत ठेवून गेली.

मे महिन्यात नागपूरला यांच्या भाच्याचं लग्न निघालं. मासे एकटे कसे ठेवायचे, म्हणून मी मागे राहिले. हे गेले आणि मी बटन बंद केलं. परत येईपर्यंत चालूच केलं नाही. रात्री नाही, दिवसा नाही. मागच्या दाराला कडी घातली आणि तिकडे फिरकलेच नाही. किती शांत झोपले मी, सांगायची लाज वाटते.

हे यायच्या सकाळी काठीने बटन दाबलं. आधी पाणी आलं नाही. मग गिट्टीतून बुडबुडे आले, आणि मग काळं पाणी. नासक्या अंड्यांचा वास. ते काळं पाणी धारेने तळ्यात पडत राहिलं आणि मी बघत राहिले. बंद करायला हवं होतं ना? पण बंद केलं तर हे आल्यावर बंद दिसेल. म्हणून चालू ठेवलं. मासे वर आले, तोंडं उघडून. ठिपक्यांचा सगळ्यांत शेवटी आडवा झाला.

हे आले. बॅग अंगणातच ठेवली. काठावर उकिडवे बसले. मग हात गिट्टीत खुपसला, वर काढला, तर काळा गाळ.

"धुतलीच नाही तिनं," म्हणाले. "माती तशीच टाकली."

त्याच वेळी दुलारी आली. फरशीचं उरलेलं काम करायला, आणि राहिलेले पैसे मागायला. सगळं काम संपल्यावर देतो म्हणून यांनी बरेचसे रोखून ठेवले होते.

मी जाळीच्या दाराआड होते. आता नीट ऐक. इथपर्यंत मी नुसती भित्री होते. भित्रेपणा माणसाकडून होतो.

हे तिला बोलत होते. माझे मासे मारले, फुकटचे पैसे पायजेत तुम्हा लोकांले, असं. ती एकच म्हणत होती, "मैं बने धोए हंव, साहब." मी चांगली धुतली आहे. मी मनात देवाचं नाव घेत होते. कशासाठी? तिच्यासाठी नाही. तिने पंख्याचं सांगू नये म्हणून.

मग हे दाराकडे वळले. "तू तं घरीच होती. धुतली होती का हिनं सगळी?"

मी माहीत नाही म्हणू शकले असते. मी आत होते, म्हणू शकले असते. तेवढ्याने माझं भागलं असतं. पण माझ्या तोंडातून निघालं, "अर्धीच धुतली. बाकीची तशीच टाकली. मी पाहिलं."

कुणी विचारलं नव्हतं मला, की तू पाहिलंस का. ते मी आपणहून घातलं. खोटं पक्कं व्हावं म्हणून.

दुलारीने दाराकडे पाहिलं. जाळीतून तिला माझा चेहरा दिसत होता की नाही, मला अजून कळलेलं नाही. मला तिचा दिसत होता. आता बोलेल, आता बोलेल, असं वाटत राहिलं. ती बोलली नाही. पंखा नाही, बंद मशीन नाही, अर्धी तुमच्या बाईनेच धुतली, हेही नाही. डोक्यावरचं फडकं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं आणि फाटकातून निघून गेली.

यांनी तिचे पैसे दिले नाहीत. गल्लीत सांगितलं. समोरच्या काकूंकडे तिचं बाग करायचं काम ठरलेलं होतं, ते दुसऱ्या कुणाला गेलं. काकूंनी मला विचारलं सुद्धा, "खरंच का हो?" मी मान हलवली. म्हणजे एकदा नाही, दोनदा खोटं बोलले.

यांनी पावसाळ्याआधी सगळी गिट्टी उपसून स्वतः पुन्हा धुतली. मला जवळ येऊ दिलं नाही, "तुझे हात खराब होतील," म्हणाले. पहिल्या पाण्याला काळा गाळ गेला, पण लाल माती निघाली नाही. दुसऱ्याच पाण्याला नितळ. हे थोडे थांबले, घमेल्यातल्या पाण्याकडे पाहत. मी ओट्याशी होते आणि माझ्या हातातलं लाटणं थांबलं होतं. मग पुढचं घमेलं भरलं. त्यांच्या मनात काय आलं, मी विचारलं नाही. आजही कधी चहा पिताना माझ्याकडे नुसते बघतात आणि मी कप विसळायला उठते.

आता पंप चोवीस तास चालतो. काठी मी चुलीत घातली. वायरची भीती गेलेली नाही, पण आता तिच्याहून मोठी भीती घरात आहे.

मी साड्यांना फॉल-पिको करायला लागले. पंडरी बाजारातल्या एका दुकानातून साड्यांचा गठ्ठा येतो. यांना वाटतं, माझा वेळ जात नाही म्हणून. दुलारीचे जेवढे बुडाले होते तेवढे मला पाठ होते. यांनी त्या दिवशी मोठ्याने सांगितले होते.

पहिल्यांदा तिच्या पाऱ्यात, म्हणजे तिच्या मोहल्ल्यात, गेले तेव्हा ती दारात तांदूळ निवडत होती. मी नोटा पुढे केल्या आणि म्हटलं, "साहेबांनी पाठवले." बघ. तिथेसुद्धा.

"साहब भेजिस?" दुलारी म्हणाली. हसली नाही, रागावली नाही. नोटा मोजल्या, पदराला बांधल्या. "कतका बांचिस?" किती राहिले? मी सांगितलं. तिने मान हलवली. तिचा आकडाही तोच होता.

तशी मी जात राहिले, जमतील तसे घेऊन. दर वेळी खरं सांगायचं ठरवून निघायची. रिक्षात शब्द जुळवायची. दारात पोचले की नुसते पैसे पुढे व्हायचे. ती कधी बस म्हणाली नाही. चहाचं विचारलं नाही. मी तिच्या जागी असते तर विचारलं असतं का?

परवा शेवटचे दिले. तिने दोनदा मोजले. एक दहाची नोट जास्त गेली होती, ती काढून माझ्या हातावर ठेवली.

"पूरा हो गे, दीदी," म्हणाली. "अब आए के काम नइ हे." आता यायचं काम नाही.

मी ती नोट मुठीत धरून मोहल्ल्याच्या टोकापर्यंत चालत आले. दुलारीचे पैसे पूर्ण फिटले.