एमिल ब्रेझिना डावीकडे पडतो

एमिल ब्रेझिनाला चुकवून कोणी पुढे गेल्याचं नेब्रास्कात कोणी पाहिलं नव्हतं, आणि कॅलिफोर्नियात येऊनही कोणाला पाहायला मिळालं नव्हतं. अमेरिकन फुटबॉलचा लांबोडका चेंडू काखेत दाबून समोरून कोणी धावत आला, की एमिल त्याला कवेत घ्यायचा आणि अलगद जमिनीवर ठेवून द्यायचा. रागाबिगाने नाही हं, पाळण्यात मूल ठेवावं तसा. मग त्याला उठवायचा, पाठ झटकायचा आणि विचारायचा, "लागलं नाही ना?" या एका गुणावर कॉलेजने त्याला फुकट शिकायला बोलावून घेतलं होतं. त्यातलं शिकण्याचं कॉलेजनेही फारसं मनावर घेतलं नव्हतं आणि एमिलनेही.

व्हेल्मा टटलशी लग्न करायचं मात्र त्याने फार मनावर घेतलं होतं. व्हेल्मा सिनेमाच्या स्टुडिओत नाचणाऱ्या पोरींच्या रांगेत टोकाला असायची. उंचीने एमिलच्या कोपरापर्यंत, पण जीभ बरीच वर पोचायची. त्याने मागणी घातली, तेव्हा तिने हातातला डोनट खाली ठेवलासुद्धा नाही.

"तुझ्याशी लग्न? अरे डोंगरा, तुझ्या तावडीतून आजवर एक माणूस सुटलेला नाही. उद्या भांडण झालं तर मी जायचं कुठून?"

"मी भांडणारच नाही."

"भांडत नाहीस, रुसतोस. मागे पत्त्यांत हरलास, तर दोन दिवस जेवला नाहीस. तुझ्या आईने नेब्रास्काहून मला पत्र लिहिलं, की काय झालं म्हणून! आधी चार लोकांदेखत हरून दाखव, आणि वर हसून दाखव. मग बघू."

आता मैदानात जन्मात न हरलेल्या माणसाने चार लोकांदेखत हरायचं कुठे? तर त्याच उन्हाळ्यात स्टुडिओने कॉलेज-फुटबॉलवर एक गाण्यांचा विनोदी चित्रपट काढला. त्यात दुसऱ्या वर्षाचा कोवळा विद्यार्थी झाला होता लाइल मेरिडन. त्याचं वय विचारायचं नसे. त्याची कंबर पट्ट्यांनी आवळलेली असायची आणि केस जेवणाच्या सुट्टीत टोपीच्या खोक्यात विश्रांती घ्यायचे, एवढंच सांगतो. शेवटच्या प्रसंगात तो चेंडू घेऊन गात गात धावणार, समोरचा राक्षस त्याच्यावर झेप घेणार, ती हुकणार, आणि राक्षस उठून बसून गालावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे रडवेलं तोंड करणार. सुट्टीत खेळाडूंना अशी कामं मिळतच. राक्षस म्हणून एमिलला घेतलं. अख्ख्या देशासमोर हरायला मिळतंय म्हणून गडी शीळ घालत कामावर गेला.

ऑगस्टचं ऊन. चित्रपटात नोव्हेंबर होता, म्हणून प्रेक्षक झालेली माणसं अंगात फरचे कोट घालून घामाने निथळत बसली होती. वरच्या रांगांत पुठ्ठ्याची माणसं उभी केली होती. ती तक्रार करत नसत, त्यामुळे दिग्दर्शक प्रिंगलसाहेबांचं त्यांच्याशीच काय ते पटायचं.

बँड सुरू झाला. मेरिडन गात आला. एमिलने त्याला कवेत घेतलं आणि जमिनीवर ठेवलं. आतून कुठल्याशा नाड्या फटाफट तुटल्याचा आवाज झाला.

दुसऱ्यांदा आला. पुन्हा तेच. या वेळी केस एमिलच्या हातात राहिले. त्याने ते झटकले आणि अदबीने पुढे केले. "साहेब, हे तुमचं."

फरकोटवाले हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. प्रिंगलसाहेब कर्ण्यातून ओरडले, "ब्रेझिना! तुला पैसे धरायचे मिळतात की सोडायचे?"

"सोडायचे, साहेब."

"मग?"

"हात ऐकत नाहीत, साहेब."

"उद्या सकाळी ऐकले नाहीत, तर त्यांना घेऊन घरी जा!"

संध्याकाळी व्हेल्माने त्याला तालमीच्या खोलीत ओढत नेलं आणि पियानोवाल्याला बसवलं. "माणसाकडे बघूच नकोस. गाणं ऐक. ढोलाचं 'धडाम, धडाम' झालं, की डावीकडे पड. मग उठून बस, गालावर हात, रडवेलं तोंड. डोकं मध्ये आणू नकोस. तेवढं तुला जमेल."

एमिल पडत राहिला. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यांच्या डोक्यावर छताचा चुना पडला, तेव्हा ते भांडायला वर आले. पडणाऱ्याचा आकार बघून तसेच खाली गेले.

सकाळी ढोल दोनदा धडाडला आणि एमिल असा डावीकडे कोसळला, की प्रिंगलसाहेबांनी डोळे पुसले. एमिल धावत व्हेल्माकडे गेला. "हरलो! आणि हसतोय, बघ!"

"हे हरणं नव्हे, ही मजुरी आहे. नाटकात राजा मेला म्हणून राणी घरी जाऊन काळे कपडे घालते का?"



पानं गळू लागली तेव्हा चित्रपट लागला आणि ते गाणं गावभर झालं. न्हावी ते गुणगुणत दाढ्या करत, पोस्टमन त्याच्या तालावर दारं ठोठावत. हंगामात एमिलने नेहमीप्रमाणे कोणालाही पुढे जाऊ दिलं नाही. राहिला होता शेवटचा सामना, उत्तरेकडच्या कॉलेजाशी. त्यांचे प्रशिक्षक मोठे बेरकी. त्यांनी पोरांना सराव करू द्यायचं सोडून पुन्हापुन्हा तो चित्रपट दाखवला, आणि सामन्याच्या दिवशी आपल्या बँडवाल्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

सामना संपत आला होता. एमिलचा संघ थोडक्यात पुढे होता. समोरून एक चपळ पोरगा चेंडू घेऊन सुटला. एमिलने हात पसरले. तेवढ्यात बँडने ते गाणं धरलं. धडाम, धडाम!

एमिल डावीकडे पडला. अगदी सुरेख पडला. पोरगा मोकळ्या रस्त्याने निघून गेला आणि सामना घेऊन गेला. पण पायांना एकदा लागलेलं वळण मध्येच थोडंच थांबतं? एमिल उठून बसला, गालावर हात ठेवला आणि कॅमेरा असायचा त्या दिशेला रडवेलं तोंड केलं. तिथे कॉलेजचे अध्यक्ष सपत्नीक बसले होते.

आधी पलीकडचे प्रेक्षक हसले, मग अलीकडचे. एमिलचे प्रशिक्षक हसले नाहीत. ते स्वतःची टोपी चावत होते.

आपण काय केलं हे एमिलला उमगलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. वरच्या रांगेत व्हेल्मा उभी होती. सगळं मैदान हसत होतं, ती एकटी हसत नव्हती. दोन्ही मुठी तोंडाशी धरून ती त्याच्याकडे बघत होती. हा आता किती दिवस जेवणार नाही, याचाच हिशेब करत असावी.

तो चपळ पोरगा परत आला आणि त्याने एमिलला हात दिला. "लागलं नाही ना?"

एमिलने त्याच्याकडे बघितलं. त्याचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग तो तिथेच आडवा होऊन गडबडा लोळत हसला. चौघांनी मिळून उठवलं तरी उठेना. व्हेल्मा कठड्यावरून उडी मारून, सँडल हातात घेऊन धावत आली.

"ए डोंगरा, पुरे झालं! लग्नाला काही हसायचं शिल्लक ठेव."

पुढे आयुष्यभर एमिलने पडण्याचाच धंदा केला. जिन्यावरून, गाडीवरून, घोड्यावरून, पण पडायचा कायम डावीकडेच. लग्नात बँडवाल्यांना ते गाणं वाजवायची सक्त मनाई होती. अर्थात त्यांनी वाजवलं. केक व्हेल्माने आधीच उजवीकडे हलवून ठेवला होता. डावीकडे, मोठ्या मनाने रुसवा सोडून आलेले, नवी टोपी घातलेले प्रशिक्षक बसले होते.