लेकीच्या पाळण्यावरचा व्हॉल्व

कोळ्याच्या घरात जन्मून ज्याला समुद्र लागतो, अशा माणसाचं काय करायचं हे आमच्या आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. होडी खडकापलीकडे गेली की मी काठाला लटकून सकाळची न्याहारी माशांच्या स्वाधीन करी. शेवटी होडीतला माझा वाटा भावाला देऊन मी लढाईतली एक जुनी जीप घेतली आणि मुरूड ते आगरदांड्याचा धक्का अशी माणसं नि टोपल्या वाहू लागलो. हलायची तीही, पण थांब म्हटलं की थांबायची.

कधीकधी न म्हणताही थांबायची. माझे सासरे खाडीपलीकडच्या दिघीचे तांडेल, स्वतःच्या बोटीचे मालक. त्यांना मी मामा म्हणे. दोनदा त्यांना आणायला धक्क्याकडे निघालो नि दोन्ही वेळा वाटेतच बंद पडलो. मामा बैलगाडीत बसून माझ्या शेजारून गेले, मान समुद्राकडे वळवून.

पुढे आमच्या लेकीचं उष्टावण ठरलं. बायकोला भाऊ नाही, तेव्हा पहिला घास आजोबांनीच भरवायचा. मामांनी लाँचवाल्याबरोबर निरोप धाडला : "येतो. पण या खेपेला गाडीनं घरी पोचवलं न्हाय, तर ती विकायची. नारळी पुनवेपासून माझ्या बोटीवर यायचं."

बायकोनं निरोप ऐकला आणि मळमळीवरचा उपाय म्हणून थोडी आमसुलं माझ्या नावानं बाजूला काढून ठेवली.

नेमकं तेव्हाच इंजिनात तेल ओतायच्या नळीच्या झाकणाखालून धूर यायला लागला. सोबत तेलाचे ओघळ. होडीवर पोट टिकलं नसलं तरी हात होडीवरच तयार झालेले. गळती दिसली की आम्ही काय करतो? फळ्यांच्या फटीत कापूस ठासतो नि वरून राळ लावतो. मी तेच केलं. झाकणाभोवती कापूस कोंबला, तेलात कढवलेली राळ फासली, अंगठ्यानं गुळगुळीत केली. इतकं सुबक काम मी होडीवर कधी केलं नव्हतं. धूर बंद!

मोठ्या दिमाखात नेहमीच्या फेरीला आगरदांड्याकडे निघालो. चढावर तेल मोजायची पट्टी आपल्या भोकातून उडून बॉनेटवर आपटली आणि इंजिनाच्या मागल्या बाजूनं तेल असं गळायला लागलं की रस्त्यावर माझ्यामागे काळी रेघ उमटत गेली. धक्क्यापर्यंत कशीबशी पोचलो. मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचनं यायचे होते.

लाँचचं इंजिन सांभाळणारे चाचा लढाईत मिलिटरीच्या वर्कशॉपात कामाला होते. त्यांनी बॉनेट उघडलं, वास घेतला आणि झाकणाभोवती नख फिरवलं.

"राळ?" त्यांनी विचारलं.

"गळत होतं, चाचा."

"अरे, होडीत बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून बुजवतात. इथं आतली वाफ बाहेर जायला हवी! तू बिचारीचं नाक दाबलंस, तोंड दाबलंस. मग ती दुसरीकडून सोडणारच की!"

धक्क्यावरच्या कोळणी टोपल्या खाली ठेवून हसल्या.

इंजिनातली वाफ खेचून घेणारा एक छोटा पितळी व्हॉल्व असतो, तो तुंबला असेल, असं चाचांचं निदान. "शोध. खाली हात घाल." मी हात घातला, पितळ लागलं, फिरवलं, आणि कढत पाणी कोपरापर्यंत आलं.

"ती पाण्याची चावी. आंघोळ झाली? आता व्हॉल्व शोध."

हवा आत ओढणाऱ्या नळाच्या बुडाशी तो एकदाचा सापडला. करंगळीएवढा, आणि डांबरासारख्या घट्ट तेलानं माखलेला. चाचांनी कानाशी धरून हलवला. "मुका झालाय. चांगला असला तर खुळखुळतो." रॉकेलात बुडवून काडीनं टोचला, तर आतली स्प्रिंग तुकडे होऊन बाहेर आली. नवा मुंबईलाच मिळणार होता.

मी मात्र 'खुळखुळतो' या शब्दापाशीच अडकलो होतो. जीपबरोबर सुट्या सामानाचा एक डबा आला होता. त्यात एक चकचकीत पितळी चीज होती, हलवली की गोड वाजणारी. ती कशाची असेल याचा विचार न करता मी तिला लाल दोरा बांधला होता आणि...

चाचांना सांगितलं तेव्हा ते खाली बसले. मग लाँचवाल्याची सायकल मागून मी घर गाठलं.

"अवो, लेकीचा खुळखुळा कुठं न्हेताव?" बायको पाळण्याआड उभी राहिली.

"जीपचा आहे तो."

"जीपचा? तीन महिने ती तोंडात घालतेय!"

"म्हणूनच साफ राहिलाय."

लेकीनं भोकाड पसरलं. बायको आमसुलांच्या पुडीकडे बघत बाजूला झाली.

दिवस मावळायच्या आत चाचांनी व्हॉल्व बसवला. मी खिळ्यानं राळ खरवडून काढली, पाणी भरलं, तेल भरलं. इंजिन शांतपणे चालायला लागलं. झाकणाखाली धूर नाही, की गळती नाही.

सकाळी मामा लाँचमधून उतरले, जीपला एक फेरी घातली आणि बसले. चढ आला नि गेला. मामांनी नाक वर केलं. "बोटीचा वास येतोय रे."

मी वेग वाढवला. घरी पोचल्यावर बायकोनं सगळं सांगितलं; पाणी देण्याआधीच. मामांनी ऐकून घेतलं, नातीला मांडीवर घेऊन तिला खिमटाचा पहिला घास भरवला, बोट धोतराला पुसलं आणि मग माझ्याकडे वळले.

"इंजिनात राळ भरलीस?"

"व्हय, मामा."

"मग माझ्या बोटीच्या आसपास फिरकायचं न्हाय. तू तिथं काय भरशील, देवाला ठाऊक. गाडीच चालव."

बायको हसू दाबत आत वळली. जेवताना तिनं मला वाढलेल्या सोलकढीत ती बाजूला ठेवलेली सगळी आमसुलं होती. मी तीन वाट्या प्यालो.