त्या हॉटेलातलं धिरडं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. माझ्या नवऱ्याला सांगायची गरज नव्हती — ह्यांना ते माहीतच होतं, आणि त्याचा मला आजही संताप येतो. पण आधी माझं.

बहात्तरचा दुष्काळ. श्रीगोंद्याला ऊस उभ्या उभ्या वाळत होता, आणि मामंजी — माझे सासरे, माळकरी, साखर कारखान्यात वजन असलेले — आम्हाला घेऊन अकोले तालुक्यातल्या डोंगरात हवा खायला निघाले. कळसूबाईच्या समोर साहेबाच्या काळातलं एक जुनं हॉटेल होतं. भिंतीवर सांबराची शिंगं, खाली शिकारी साहेबांच्या आरामखुर्च्या. त्याच खुर्चीत बसून मामंजी जप करत. शिंगांचा विटाळ नव्हता — अंड्याचा मात्र होता!

माहेरी आम्ही अंडी खायचो. लग्नानंतर नाव काढलं नव्हतं. तिथे एका सकाळी सगळे देवळाला निघाले, आणि मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. देवराम नावाचा आचारी होता, बायको-मुलासकट हॉटेलमागच्या खोलीत राहायचा. त्याला मी ऑम्लेट करायला सांगितलं. तो कचरला. मामंजींना सगळे आण्णा म्हणत. "आण्णा माळकरी हायेत. तुमाला चालतंय का?" मी म्हणाले, चालतं, आणि कुणाला कळणार नाही. तुम्ही म्हणाल, डोहाळे असतील. नव्हते. मला खायचं होतं, बस्स. खाण्यात काय गुन्हा होता? काही नाही. गुन्हा पुढे आहे.

वाटेत गाडी बिघडली म्हणून मंडळी अर्ध्यातूनच परतली. मामंजी दारात, माझ्या हातात घास. वास काय लपतो? आणि मी — मी म्हणाले, "मला वाटलं, धिरडं आहे. ह्यानं काही सांगितलंच नाही."

धिरडं! अंडी खाऊन वाढलेल्या मुलीला एवढा फरक कळू नये? ह्यांना माझं माहेर ठाऊक होतं. पुण्याला कॉलेजात असताना हे स्वतःही खायचे. तरी हे खिडकीबाहेर बघत राहिले. मामंजींनी मॅनेजरला बोलावलं, माझी सून बाटवली म्हणून हॉटेल डोक्यावर घेतलं. मॅनेजरनं देवरामला तिथल्या तिथे काढून टाकलं. देवरामनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "चुकी माजी हाय," म्हणाला. का म्हणाला असेल? मला वाचवायला? की असल्या बड्या माणसापुढे आपलं कोण ऐकणार, म्हणून? मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, तर घाटात ती तिघं चालत होती. त्याच्या डोक्यावर ट्रंक, बायकोच्या कडेवर पोर. दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाले असतील, ड्रायव्हर म्हणाला. गाडीत जागा होती. मी काच वर केली. धूळ येते, म्हणाले.

मामंजी गेल्यावर ह्यांनीच घरात अंडी आणली. आमच्याच ओट्यावर मी ती केली, आम्ही खाल्ली, आणि कुणाचं काही बुडालं नाही. देवरामचं बुडालं होतं. ते अंड्यानं नाही, मी बुडवलं.